सव्वाचौतीस इंचांची पाहुणी

मोठ्या बाईंच्या सेवेशी,

(शाळेत आता तुला सगळे असंच म्हणतात असं कानावर आलं, म्हणून मीही तसंच लिहिलं. आमच्यासाठी तू धाकटीच.) दादाचे पोटभर आशीर्वाद. तू बरी असशील, मेहुण्यांचा आखडलेला खांदा आता वर जात असेल, आणि वर जात असेल तर तो त्यांनी उगाच पंखा पुसायला वगैरे वापरू नये असं माझ्यातर्फे सांग. इकडे आमचं ठीक आहे. माझे गुडघे बोलतात, तुझी वहिनी बोलते, बोलत नाहीस ती तूच. फोन तू उचलत नाहीस, म्हणून पत्र. पत्र उचलावंच लागतं, निदान केरात टाकायला तरी. आणि एकदा हातात घेतलंस की वाचल्याशिवाय राहायची नाहीस हे मला माहीत आहे. लहानपणी तू औषधाच्या बाटलीवरचा कागदसुद्धा शेवटपर्यंत वाचायचीस आणि मग औषध प्यायला नकार द्यायचीस.

चौदा महिने झाले. तू मुख्याध्यापिका झालीस, पहिल्या दिवशी दादाच्याच हातचा कोट घालीन म्हणालीस, आणि यायला सवड नव्हती म्हणून मापं फोनवरून सांगितलीस. दोनदा मोजून सांगितलीस. छाती छत्तीस, बाही बावीस. मी कोट शिवला, वेळेत पाठवला. तू तो घालून सगळ्या शाळेसमोर उभी राहिलीस, बाह्या बोटांच्या पेरांवर आल्या, खांदे दंडावर उतरले, आणि कुणीतरी शिक्षक म्हणाले की बाई आज साहेबांचा कोट घालून आल्या वाटतं. त्याच दिवशी शाळा सुटल्यावर तू मला फोन केलास. कोट सगळीकडून सैल झाला म्हणालीस. त्यावर मी काय बोललो ते तुला पाठ असणार, पण एकदा कागदावर येऊ दे. मी म्हणालो, ‘पद मिळालं की माणूस फुगतो. तू फुगलेल्या छातीने माप घेतलंस, आता हवा गेली असेल.’ आणि वर हसलो. तू फोन ठेवलास तो ठेवलासच.

आता हकीकत सांगतो. मध्येच पान उलटू नकोस, तुझ्याशी संबंध आहे.

गुडघ्यांमुळे आता गिऱ्हाइकाभोवती बसून-उठून टाचण्या लावणं होत नाही, तेव्हा कोट चढवून बघायला एक पुतळा घ्यावा असं मी ठरवलं (निदान तुझ्या वहिनीला कारण हेच सांगितलं). तिने लगेच फोन हातात घेतला. हल्ली ती सगळं ऑनलाइनच मागवते, परवा तर घरात आहे की नाही हे न बघताच गाळणी मागवली आणि आता तीन झाल्या आहेत. पुतळे करणारी एक कंपनी सापडली, आपण माप कळवायचं आणि त्यांनी तशा अंगाचा पुतळा पाठवायचा. मी म्हटलं छाती छत्तीस, कंबर अठ्ठावीस. तिने माझ्याकडे जरा वेळ पाहिलं आणि आकडे दाबले. आठव्या दिवशी माझ्या खांद्याइतकं उंच खोकं दारात उभं राहिलं. उघडलं तर आत एक राखाडी कापडाची बाई, डोकं नाही, पाय एकच आणि तोही लोखंडी. तुझ्या वहिनीने तिला शिवणाच्या खोलीत खिडकीपाशी नेऊन ठेवलं आणि तिचं नाव पाहुणी ठेवलं.

मी गळ्यातली टेप काढली आणि पाहुणीच्या छातीभोवती लावली. सव्वाचौतीस. पुन्हा लावली. सव्वाचौतीस. म्हणजे कंपनीने पावणेदोन इंच गिळले होते. खरं सांगतो, मला फार बरं वाटलं. एकतीस वर्षं मी लोकांच्या तक्रारी ऐकत आलो, आयुष्यात पहिल्यांदा तक्रार करायची पाळी माझी होती, आणि बाजूही खरी माझी होती. तुला माझी रीत ठाऊक आहे. घट्ट झालं म्हणून कुणी आलं तर मी विचारणार, जेवून आलात का. सैल झालं म्हणून आलं तर विचारणार, आजारी होतात का. शिवण उसवली तर बसण्याची पद्धत चुकीची, रंग गेला तर साबण चुकीचा. एका गृहस्थांची पाठ डावीकडे ओढली जात होती, त्यांना मी इतकं पटवून दिलं की ते अजून तिरके चालतात. तेव्हा कंपनीही मला असंच काहीतरी ऐकवणार हे धरून मी उत्तरांची तयारी केली. ‘दमट हवेने आक्रसला’ म्हणाले तर काय म्हणायचं, ‘तुम्ही नीट मोजलं नाही’ म्हणाले तर काय म्हणायचं, सगळं कटिंगच्या खाकी कागदावर उतरवलं. मग चार पानांची तक्रार लिहिली. तुझ्या वहिनीने ती वाचली आणि दोन ओळींत करून पाठवली. ‘पुतळा सांगितल्यापेक्षा लहान आहे. कृपया लक्ष घालावे.’ माझ्या चार पानांतलं तिला ‘कृपया’ तेवढं कमी वाटलं होतं.

चहा गार व्हायच्या आत उत्तर आलं. झालेल्या त्रासाबद्दल आम्ही दिलगीर आहोत, सोयीची वेळ सांगा, फोन करतो. आणि खरंच त्या वेळेला फोन आला, मिनिटभरसुद्धा इकडेतिकडे नाही. मदतकक्षातली एक ताई होती. आवाजावरून आपल्या भाचीएवढी असेल. मला काका म्हणाली, आधी दिलगिरी, मग विचारपूस, मग म्हणाली की नवीन पुतळा आजच पाठवते, जुना राहू द्या, नवा पसंत पडला की आमचा माणूस येऊन जुना घेऊन जाईल. जेवून मोजलंत का, असं एकदाही विचारलं नाही. माझा खाकी कागद हातात तसाच राहिला. भांडायला बाह्या सरसावून जावं आणि समोरच्याने बसायला खुर्ची पुढे करावी, तसं झालं.

दुसरी पाहुणी चौथ्या दिवशी आली. मी टेप लावली. सव्वाचौतीस.

इथून पुढे घरात जे चाललं ते तुला सांगितलंच पाहिजे. दोघी खिडकीपाशी शेजारीशेजारी उभ्या. तुझी वहिनी सकाळी पडदा सारायला गेली की दचकायची आणि मग दचकल्याचं कळू नये म्हणून त्यांच्याशीच बोलायची. एक गिऱ्हाईक बाई, बँकेत रोखपाल आहेत, चष्मा विसरून आल्या होत्या, त्या दोघींच्या मागे नंबर लावून वीस मिनिटं बसल्या. मी आत काज करत होतो. शेवटी त्यांनी हाक मारून विचारलं की या दोघींचं आधी करणार असाल तर मी बाजार करून येते.

आणि मी खवळलो. ताईचा दुसरा फोन आला तेव्हा मी बोलायला सुरुवात केली ती थांबलोच नाही. तुमच्या कंपनीत मोजता येतं का कुणाला, म्हटलं. एकतीस वर्षं टेप धरतोय, म्हटलं, एका माणसाने माझ्या मापाला बोट लावलेलं नाही. (हे म्हणताना तू आठवलीस, पण तुला मी मोजत नव्हतो, कारण ती चूक तुझी होती.) तिने मला बोलू दिलं. माझा दम संपला तेव्हा म्हणाली, ‘काका, तुम्हाला दोनदा त्रास झाला, वाईट वाटतं. तिसरा पुतळाही पाठवीन, मला काही अडचण नाही. पण त्याआधी एक बघू या का दोघं मिळून? घरात प्रिंटरचा कोरा कागद आहे? तो सगळीकडे सारखाच असतो. तुमच्या टेपने त्याची लांबी मोजून सांगता? मी इथे माझा कागद मोजते.’

केवळ तिची जिरवावी म्हणून मी कागद मोजला. ‘अकरा इंच, वर एक सूत,’ मी रुबाबात सांगितलं. (सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, हे तुला आठवत असेल, खडूने रेघा मारायला तूच बसायचीस.) तिने आपला कागद मोजला. मग अगदी हळू, जणू आजाऱ्याला सांगावं तशी म्हणाली, ‘काका, माझा पावणेबारा भरतोय. अर्धं सूत कमी.’

मी म्हटलं, तुमचा कागद लांब असेल. ती म्हणाली, असेलही. शेजारच्या मुलीचाही मोजते. तोही पावणेबाराला अर्धं सूत कमी. तेवढ्यात तुझ्या वहिनीने कुठूनतरी लोखंडी पट्टी शोधून आणली आणि माझ्या टेपशेजारी ठेवली. टेपवर दहा इंच संपले तिथे पट्टीवर साडेदहा होते.

‘काका, टेप किती वर्षांची आहे?’ ताईने विचारलं. बावीस. बावीस वर्षं ती गळ्यात आहे. गिऱ्हाइकाला मुद्दा पटवताना मी तिची दोन्ही टोकं दोन हातांत धरून ओढतो, ही सवय तुला माहीत आहे, आणि मला मुद्दे पटवायचे फार असतात. पावसाळी वाऱ्यात खिडकीची फळी मी तिनेच बांधतो. दुकान या घरात हलवलं तेव्हा तुझ्या वहिनीने गादीची वळकटी तिनेच आवळून बांधली होती, वर मी बसलो होतो. कापडी टेप ती, हळूहळू ताणत गेली असणार. दहा इंचांमागे अर्धा इंच. अंगाखांद्यावर वाढणाऱ्या मुलासारखी ती रोज गळ्यात होती, मला वाढ दिसलीच नाही.

आता ऐक ती ताई काय म्हणाली. तिच्या जागी मी असतो तर ही गोष्ट पाटीवर लिहून दुकानाबाहेर टांगली असती. ती म्हणाली, ‘पुतळा मोजण्याआधी टेप तपासून घ्या असं आमच्या कागदावर छापायला हवं होतं. ते आमचं राहिलं. तुमच्यामुळे लक्षात आलं, मी आजच कळवते.’ तिला हसू आलं असेल का? आलं असेल तर तिने ते कुठे ठेवलं मला माहीत नाही. एक पुतळा परत न्यायला माणूस आला तेव्हा त्याच्याबरोबर तिने नवी टेप पाठवली होती, न ताणणारी, सोबत चिठ्ठी, ‘काकांना शुभेच्छा’. मग कंपनीचा संदेश आला की आमची सेवा कशी वाटली, पाचपैकी चांदण्या द्या. मी तुझ्या वहिनीला म्हटलं, सहा दे. सहा देता येत नाहीत म्हणून मी पुन्हा फोन केला, मदतकक्षात जो कुणी होता त्याला ताईचं कौतुक ऐकवलं, आणि तो बिचारा सवयीने मलाच दिलगीर आहोत म्हणाला.

फोन ठेवल्यावर मी स्टुलावर बसलो. तू म्हणशील, बावीस वर्षं टेप चुकीची आणि एका गिऱ्हाइकाचं काही बिघडलं नाही? नाही बिघडलं. अंग त्याच टेपने मोजायचं आणि कापड त्याच टेपने कापायचं, तर खोटं खोट्याशी जुळतं आणि कोट अंगाबरोबर बसतो. कुणी जुना सदरा नमुन्याला आणला तर तोही मी त्याच टेपने मोजायचो. (फक्त कापड आणलं की ते मला नेहमी कमी भरायचं आणि मी कोपऱ्यावरच्या कापडवाल्याला चोर म्हणायचो. गावभर म्हणायचो. परवा त्याच्याकडे जाऊन आलो. त्याने ऐकून घेतलं आणि मला एक मीटर अस्तर कापून दिलं, मोजताना माझ्याकडे बघत होता.) बावीस वर्षांत एकच कपडा असा होता की ज्याचं माप दुसऱ्याच्या टेपने घेतलं आणि कापड माझ्या टेपने कापलं. तो तुझा कोट.

छातीत पावणेदोन इंच. बाहीत एक इंच आणि वर थोडं. मी वहीत बघून हिशेब मांडला, पण मांडायला नको होता, तू फोनवर सांगितलं होतंस तेवढंच सगळं होतं. तू दोनदा मोजलं होतंस आणि दोन्ही वेळा बरोबर मोजलं होतंस. इतकं वाईट मला गेल्या कित्येक वर्षांत वाटलं नव्हतं. पुतळा चुकला म्हणून मी दोनदा तक्रार केली, तर तिकडची मुलगी दोनदा नवा पाठवायला तयार झाली. तुझ्या आयुष्यातला एवढा मोठा दिवस माझ्यामुळे बिघडला, तू एकदाच फोन केलास, आणि मी हवा गेली असेल म्हणालो.

त्या ताईला मी शेवटच्या फोनमध्ये विचारलं होतं की बाई, दिवसभर लोकांना दिलगीर आहे म्हणायला कसं जमतं. माझी तर जीभ उचलत नाही. ती म्हणाली, ‘पहिला महिना कागदावर बघून म्हणायचे, काका. मग सवय झाली. आधी म्हणून टाकायचं, चूक कुणाची ते मग बघायचं. म्हटल्याने आपलं काही जात नाही, आणि समोरचा माणूस पुढचं नीट सांगतो.’ मी ते खाकी कागदावर लिहून घेतलं आणि सराव म्हणून तुझ्या वहिनीला म्हटलं, काल भाजीला नावं ठेवली त्याबद्दल दिलगीर आहे. तिने हातातलं भांडं खाली ठेवलं, माझ्या कपाळाला हात लावून ताप बघितला, आणि दुपारी डॉक्टरांकडे जायचं का विचारलं. एकूण घरात अजून बरीच मशागत लागेल असं दिसतं.

तर अशी ही हकीकत. जुनी टेप कपाटात ठेवली आहे. मेहुण्यांना नमस्कार, भाचीला आशीर्वाद, आणि शाळेतल्या त्या कोटाबद्दल बोलणाऱ्या शिक्षकांना माझ्यातर्फे काहीही सांगू नकोस, माणसाची नजर मापाला चांगली आहे.

तुझा,
दादा

ता. क. आपल्याला झालेल्या गैरसोयीबद्दल आम्ही दिलगीर आहोत. (हे कागदावर बघून लिहिलं. पहिला महिना आहे.)

ता. क. २. पुतळा गुडघ्यांसाठी मागवला नव्हता. छत्तीस-अठ्ठावीस हे माझ्या कुठल्याही गिऱ्हाइकाचं माप नाही, ते वहीत तुझ्या नावाखाली आहे. कोट पुन्हा शिवून पाठवावा म्हणजे तू बोलशील असं मला आठ महिन्यांपासून वाटत होतं, आणि माप विचारायला तोंड नव्हतं. (तेव्हाही चूक तुझीच होती असं मी धरून चाललो होतो, पण हाताशी तेच आकडे होते, पुतळ्यावर चढवून जरा आत घेणार होतो. मोठ्या मनाने दुसरा शिवून देणार होतो. बघ म्हणजे.) आता नव्या टेपने कापला आहे, गडद निळा, आतून राखाडी अस्तर. पाहुणीच्या अंगावर खांदे, पाठ, छाती झकास बसली. पण पुतळ्याला हात नसतात हे मला पैसे भरल्यावर कळलं. बाहीचं माप मला कुणी फोनवर सांगायचं नाही आणि मी कुणाचं ऐकायचं नाही, असं मी ठरवलं आहे. तेव्हा एक दिवस हात घेऊन ये.

ता. क. ३. पाकीट चिकटवण्याआधी पत्र तुझ्या वहिनीला वाचायला दिलं. ती म्हणाली की टेपची गोष्ट मी धाकटीला त्याच दिवशी फोनवर सांगितली, आम्ही दर रविवारी बोलतो, चौदा महिने बोलतोय. कागद मोजल्याचं ऐकून तू फोन हातातून पडेपर्यंत हसलीस म्हणे. म्हणजे एवढं सगळं मी तुला जुनंच सांगितलं. मी म्हटलं, मग पत्र फाडतो. ती म्हणाली, फाडू नका, पण अपुरं आहे. ‘इतकी पानं टेपबद्दल लिहिलीत. कोट टेपने बिघडवला, कबूल. पण फुगलीस ते टेप म्हणाली होती का?’

नाही, ते मी म्हणालो होतो. कोट मापात बसला असता तरी त्या दिवशी मी काहीतरी म्हणालोच असतो, हे मला आता कळतं. धाकटी मोठी झाली होती, सगळी शाळा उभी राहून तिला बाई म्हणत होती, आणि मी इकडे काज करत बसलो होतो. मला आनंद झाला होता ग, आणि टोचलंही होतं, आणि जे टोचलं तेवढंच तोंडातून बाहेर पडलं. हे कुठल्याही कागदावर बघून लिहिलेलं नाही. माझं चुकलं.

कोट तयार आहे. तू आल्याशिवाय बाह्या लावणार नाही.